सिमोची कॉफी

लोला बिसिंगच्या, म्हणजे बिसिंग आजीच्या, जिन्याला सात पायऱ्या होत्या, आणि त्या चढून वर आलेला माणूस कॉफी न पिता खाली उतरला असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. पाद्री आला, प्यायला. शिरगणतीवाला आला, प्यायला. निवडणुकीतले दोन वैरी एकाच सकाळी येऊन ठेपले, तेही एकमेकांकडे पाठ करून प्यायले. बिसिंगशी काम असेल आणि घाई असेल तर अंगणातूनच बोलावं, हे तुबोद गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

आणि मग हे दोघे आले. भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी. पांढरे सदरे, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी.

"मी एल्डर बालुयोत," त्यातला बुटका म्हणाला. तो याच देशातला, पण उत्तरेकडच्या बेटावरचा. "आणि हे एल्डर टॉलमन. अमेरिकेचे."

"दोघंही एल्डर? भाऊ का रे? आईला दुसरं नाव सुचलं नाही वाटतं."

"नाव नाही ते, लोला. एल्डर म्हणजे वडीलधारा."

लोलानं त्या उंचाड्याकडे खालून वर पाहिलं. वय एकोणीस. हनुवटीवर मोजून पाच केस. कान उन्हानं उकडलेल्या कोळंबीसारखे लाल. "हा वडीलधारा? मग मी कोण, नोहाची आजी?"

तिनं दोन कप भरून पुढे सरकवले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लोला, आम्ही कॉफी घेत नाही. आमच्या धर्मात चालत नाही."

"चहा?"

"चहाही नाही."

"माडी?"

"नाही."

"विडी?"

"नाही, लोला."

"मग तुमच्या धर्मात येऊन माणसानं करायचं काय?"

"आम्ही फार आनंद आहे," टॉलमन घाम पुसत म्हणाला. त्याची भाषा तेव्हा चार महिन्यांची होती.

लोलानं दोन्ही कप त्यांच्यादेखत किटलीत परत ओतले. एवढा अपमान तिनं निवडणुकीत पडलेल्याचाही केला नव्हता.

पण पोरं चिवट. मंगळवारी पुन्हा हजर. त्या दिवशी फणसाचं खोड अंगणात पडलं होतं आणि टॉलमननं टाय खांद्यावर टाकून ते फोडून दिलं. आयडाहोचा होता, बटाटे पिकवणाऱ्यांच्या घरातला, कुऱ्हाड धरायला शिकवावं लागलं नाही. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. आधी लाकडं, मग देव.

देवाचे धडे लोला मान डोलावून ऐके आणि मधूनच एखादा खडा टाके. ज्यानं पुढे त्यांचा पंथ काढला तो चौदा वर्षांचा मुलगा, कोणता पंथ खरा हे कळेना म्हणून रानात गेला, गुडघे टेकले आणि देवालाच विचारलं, असं टॉलमननं मोठ्या भक्तीनं सांगितलं.

"माझा थोरलाही चौदाव्या वर्षी रानात गेला होता," लोला म्हणाली. "दुसऱ्याचे फणस काढायला. गुडघे फोडूनच घरी आला."

पोरगं हसलं. रागावायचं त्याला जमतच नसे. सकाळी साडेसहाला उठायचं, पोथी वाचायची, दिवसभर सायकल हाणायची, दारं लावून घेणाऱ्यांना 'आभारी आहे' म्हणायचं. जिथे जायचं तिथे जोडीनं, एकट्यानं मोकळं फक्त मोरीत. सोमवार सुट्टीचा. त्या दिवशी तो लोलाच्या परातीत सदरे धुवायचा आणि कोंबडीची मान मुरगळावी तसे पिळायचा. मग फोनवर आईशी बोलायचा. लोलानं एकदा मध्येच डोकं घालून त्या बाईला सांगितलं, "तुमचा मुलगा वाळलाय." त्या बाईला एक अक्षर कळलं नाही, तरी ती रडली.

धडा संपला की तो प्रार्थना करी. लोलाचा गुडघा दुखतो म्हणून एकदा डोळे घट्ट मिटून म्हणाला, "देवा, लोलाचा गुडघा मोठा कर." त्याला 'बरा' म्हणायचं होतं. दोन दिवसांत गुडघा नारळाएवढा सुजला. पंथ खरा की खोटा ते राहू द्या, पण देव या पोराचं ऐकतो, एवढं लोलाला मान्य करावंच लागलं.

महिनाअखेरच्या शुक्रवारी त्यानं महिन्याच्या पहिल्या रविवारचं सांगितलं. त्या दिवशी प्रार्थनाघरात ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याच्या मनात येईल त्यानं पुढे जायचं आणि मनातलं बोलायचं.

"कुणीही?"

"कुणीही, लोला. तुम्हीही."

"मी बोलायला लागले तर तुमचं छप्पर उडेल."

आता कॉफीचं. गावात तिला 'सिमोची कॉफी' म्हणत. लोलाच्या नवऱ्यानं टेकडीवर पाच झुडपं लावली होती. सिमो गेला, झुडपं राहिली. बारा वर्षांमागे मोठं वादळ आलं आणि झुडपंही गेली, मुळासकट. लोलानं उरलेल्या बियांत भाजलेला तांदूळ मिसळला. पुढच्या महिन्यात तांदूळ जास्त, बिया कमी. मग एक दिवस बिया संपल्या. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. भल्या पहाटे दार लावून ती तांदूळ कोळशासारखा काळा होईतो परते, आणि माणसं कप तोंडाला लावून म्हणत, "वा! सिमोची कॉफी ती सिमोची." सिमोचं नाव गावात दुसऱ्या कशावर उरलं नव्हतं. म्हणून तिचं तोंड, जे कशालाच बंद नसे, तेवढ्यापुरतं बंद होतं.

त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी टॉलमन जिना चढला तो कठडा धरून. आदल्या दिवशी कुणाकडे तरी शिरक्यातली कच्ची मासळी खाल्ली होती. रात्रभर मोरी आणि तो. तोंड सदऱ्यापेक्षा पांढरं. बालुयोत बिचारा खाली पंपावर लोलाचे डबे भरत होता.

तुबोदमध्ये पोट बिघडलेल्या पोराला काय देतात हे कुठलीही आई सांगेल. जळक्या तांदळाचं पाणी. लोलानं कप भरला.

"लोला, मी कॉफी घेत नाही," तो कण्हत म्हणाला.

"पी."

"मी वचन दिला आहे."

लोलानं खिडकीतून पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग त्याच्या लाल कानाशी वाकली. "कॉफी नाही ती, दोंग, पोरा. तांदूळ आहे. भाजलेला. बारा वर्षं तांदूळच आहे."

पोराचे डोळे बशीएवढे झाले.

"आणि हे कुणाला कळलं तर माझा सिमो दुसऱ्यांदा मरेल. शब्द दे. तुझ्या त्या जोडीदारालाही नाही सांगायचं."

त्यानं शब्द दिला आणि तीन कप प्यायला. चौथ्याला गालावर रंग आला.

पलीकडे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या क्रेसिंगनं हे चारही कप पाहिले. क्रेसिंग सहा वर्षांपूर्वी या पोरांच्या पंथात गेली होती, आणि त्या दिवसापासून लोलाच्या कॉफीकडे नाक मुरडून बघायची. कॉफी सोडणं हा तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम, आणि तो ती दिवसातून दोनदा सांगे.

शुक्रवारी पोरं आली नाहीत. लाकडं तशीच पडली. शनिवारी क्रेसिंग कुंपणापाशी आली, 'मानांग' म्हणजे 'ताई' या शब्दात साखर घोळून.

"मानांग बिसिंग, शेवटी बाटवलंत ना आमच्या एल्डरला?"

"कुणाला काय केलं?"

"चार कप! मी मोजले. आमच्या ब्रदर ओम्पादांनी विचारलं त्याला. तर म्हणतो, कॉफी नव्हती. मग काय होतं? म्हणे, ते सांगता येणार नाही." क्रेसिंगनं हात जोडले. "प्यायला ते प्यायला, वर खोटं! त्याचा जोडीदारसुद्धा बोलत नाही त्याच्याशी. सोमवारी शहरात वरच्या साहेबांना फोन जाणार. बहुतेक घरी धाडतील. आईला काय तोंड दाखवेल पोरगं?"

लोला शिवी न देताच चुलीकडे वळली. हे क्रेसिंगच्या लक्षात आलं आणि ती घाबरून घरात गेली.

लोला चुलीपाशी बसून राहिली. मूर्ख पोर. बोलला असता दोन शब्द तर सुटला असता. गावातलं कुणीही बोललं असतं. ती स्वतः बोलली असती. हा मात्र धड वाक्य येत नाही त्या भाषेत दिलेला शब्द धरून बसलाय. तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवरच्या सिमोच्या फोटोकडे ती वळली. मग म्हणाली, "हसू नकोस."

रविवारी तिनं फुलाफुलांचा ठेवणीतला झगा घातला, किटली भरली, फडक्यात गुंडाळली आणि बास्केटबॉलच्या मैदानाशेजारच्या त्या पांढऱ्या प्रार्थनाघरात शिरली. टॉलमन एरवी पुढे बसून पावाला आशीर्वाद देई. आज शेवटच्या बाकावर होता, एकटा, बूट बघत.

शाळेत गणित शिकवणारे ब्रदर ओम्पाद या प्रार्थनाघराचे प्रमुख. कुणाला बोलायचं असेल तर यावं, असं ते म्हणायच्या आतच लोला किटलीसकट माइकपाशी पोचली होती.

"मी विसितासिओन. बिसिंग म्हणतात. मी कॅथलिक आहे आणि कॅथलिकच मरणार, तेव्हा कुणी आशेनं बघू नका." माइक किंचाळला. तिनं त्याला एक चापट दिली. "माझ्या किटलीत कॉफी नाही. सिमोची झुडपं वादळात गेली. पाचही. तेव्हापासून मी तांदूळ जाळते आणि तुम्हाला कॉफी म्हणून पाजते. ह्या पोराचं पोट बिघडलं म्हणून ते पाणी दिलं, आणि सांगू नको म्हणून शब्द घेतला. त्यानं पाळला. तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात. खोटारडी ही इथे उभी आहे. आमच्यात हे जाळीआड पाद्र्याला सांगायची पद्धत आहे, पण पाद्री रोज माझ्याकडेच पितो, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून तुमच्याकडे आले."

लोलानं फडकं सोडलं, कप भरला आणि ओम्पादांपुढे धरला. "घ्या. चाखून बघा."

"लोला," ओम्पाद हळूच म्हणाले, "पहिला रविवार आहे. आज आमचा सगळ्यांचा उपास असतो."

"मरा मग." कप हातातच राहिला. आता पुढे काय करतात तिला कळेना. पहिल्या बाकावरून क्रेसिंग कुजबुजली, "येशूच्या नावानं म्हणा, मानांग. त्याशिवाय संपत नाही."

"तुला कुणी विचारलं?" लोला म्हणाली. आणि मग, "येशूच्या नावानं."

"आमेन," सगळं घर एका आवाजात म्हणालं. लोला दचकली आणि अर्धा कप सांडला.

बालुयोत आपल्या जागेवरून उठून शेवटच्या बाकावर टॉलमनशेजारी जाऊन बसला होता. ओम्पादांनी तिथवर चालत जाऊन पोराचा हात दोन्ही हातांत धरला. क्रेसिंगचं तोंड मात्र उघडंच राहिलं होतं. "म्हणजे," ती कुणाला तरी विचारत होती, "सहा वर्षं मी तांदूळ सोडला होता?"

सोमवारी पहाटे लोलानं चूल पेटवली नाही. कशाला? कोण येणार होतं? पण अंगणातून तेबानची हाक आली. तो रोज मासे मारून आला की पहिला कप घ्यायचा.

"बिसिंग! मेलीस की काय? चूल थंड का?"

"तुला कळलं नाही? कॉफी नव्हती ती."

"माहितीये."

"काल कळलं?"

"वादळानंतरच्या सणाला कळलं. आम्हाला काय जिभा नाहीत?" तेबाननं जाळं खाली टाकलं. "पण तू एवढ्या तोऱ्यात 'सिमोची, सिमोची' करायचीस. म्हटलं, कोण सांगणार हिला? पाद्रीच म्हणाला, गप्प प्या."

लोलानं वळून चूल पेटवली आणि दार उघडं ठेवून तांदूळ परतायला घेतला. वास टेकडीपर्यंत गेला.

ऊन चढलं तेव्हा टॉलमन परातभर सदरे घेऊन आला, मागे बालुयोत, आणि त्याच्या मागे क्रेसिंग, घरचा कप झग्याच्या घोळात लपवून.

"ये, ये," लोला म्हणाली. "सात पायऱ्या आहेत, क्रेसिंग. मोजायची सवय आहे तुला."

तेबान, क्रेसिंग, बालुयोत, सगळ्यांसमोर टॉलमननं कप दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग खाली ठेवून डोळे मिटले. "लोला, मी प्रार्थना करतो. तुमच्या–"

"दोंग," लोला म्हणाली, "गुडघ्याचं नाव काढू नकोस."