माझी मान पिरगळणारा

मित्रांनो, गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या पाइपावर उभा असलेला मी एक जुना अँटेना. माझ्या अंगावर गंज आहे आणि मनात राग. तो मी लपवणार नाही.

मला काकांनी उभं केलं. शहराबाहेरच्या टेकडीवर प्रक्षेपणाचा मनोरा आहे. त्याच्याकडे माझं तोंड वळवत ते विचारायचे, "दिसतंय का गं?" खाली काकू रिमोटने वाहिन्या शोधायच्या. मनोऱ्याने वाहिन्यांच्या जागा बदलल्या की पुन्हा सगळा शोध. पण चित्र आरशासारखं लख्ख यायचं. शेजारी कौतुक करायचे आणि मी आणखी ताठ व्हायचो.

मग काका गेले. वरच्या मजल्यावरच्या पुतण्याने मोठी डिश आणली. मी आड येतो म्हणून त्याने माझी मान पिरगळली आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. काकूंच्या पडद्यावर नुसते चौकोन नाचू लागले.

"अरे, तेवढा सरळ करून दे. मला जिना चढवत नाही," त्या म्हणाल्या.

"भंगार आहे ते, काकू. आणि या वयात काय बघायचंय तुम्हाला?"

काकूंनी टीव्ही बंद केला. मी भिंत बघत राहिलो. मला दातओठ नाहीत, नाहीतर खाल्ले असते.

क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी वादळाने डिश मोडली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुतण्या काकूंच्या दारात आला. "काकू, तुमच्याकडे दिसेल ना सामना?"

"दिसेल की. वर जाऊन अँटेना फिरव. मी खालून सांगते."

त्याने मला टेकडीकडे वळवलं. काकूंनी वाहिन्या शोधल्या. आवाज बंद ठेवून त्या खिडकीशी आल्या. "अजून नाही रे. जरा डावीकडे."

तो वळवत राहिला. पाइप तापला होता, त्याचे तळहात भाजत होते.

"आता?"

"आलं, आलं... गेलं बघ. तसाच धरून ठेव."

तो धरून उभा राहिला. सामना संपला तेव्हाच काकूंनी त्याला खाली बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याची बायको शेजारणीला सांगत होती, "पहिल्या झटक्यातच लागलं होतं. काकूंनी आणि मी खाली बसून अख्खा सामना बघितला."

मित्रांनो, त्या दिवसाइतकं गोड ऊन मी कधी खाल्लं नाही. माझं तोंड आता टेकडीकडेच आहे, कुणी हात लावत नाही. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू आणि जुनी माणसं नीट सांभाळा. सूड चांगला नसतो म्हणतात. असेलही. पण सूड घ्यायची पाळी आमच्यावर आणू नका.