डॉटची बिस्किटं

क्लॅरी बॉइडने जन्मात कधी ओव्हनचं दार उघडलं नव्हतं. गायी, ट्रॅक्टर, कुंपणाच्या तारा हे सगळं त्याच्या हातचं, पण स्वयंपाकघरात तो पाहुण्यासारखा वावरायचा. त्याच्या बायकोला, नोलाला, वृद्धाश्रमात ठेवावं लागलं तेव्हाच पलीकडच्या घरातून मी ओळखलं, की हा आता टोस्ट आणि डब्यातले वाटाणे खाऊन दिवस काढणार. तसेच काढलेही. कुत्रीला मात्र काहीबाही घालणं त्याला पटेना.

डॉट ही नोलाची कुत्री. करडी, एक कान काळा, स्वभावाने खाष्ट. पोस्टमन आणि माझा कुत्रा गस या दोघांवर तिचा विशेष राग. नोला माणसं विसरत चालली होती. क्लॅरी समोर जाऊन बसला की बिचकत विचारायची, नळ दुरुस्त करायला आलात का? पण दर रविवारी डॉट खोलीत शिरली की तिचा चेहरा उजळायचा. कुत्री मांडीवर डोकं टेकून असायची तोवर तिला सगळं आठवायचं, घर, गोठा, अगदी क्लॅरीसुद्धा. तेवढा वेळ तो तिचा नवरा असायचा. कुत्री बाहेर गेली की पुन्हा परका. हे त्यानेच मला कुंपणावर कोपर टेकून सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्या एका कुत्रीवर त्याचा उरलासुरला संसार उभा होता.

दुकानातला खाऊ डॉटला पचत नसे. पोट बिघडलेली कुत्री वृद्धाश्रमात आत घेत नाहीत, म्हणून नोला तिला घरीच बिस्किटं करून घालायची. तेव्हा एके दिवशी क्लॅरी टोपी हातात धरून माझ्या दारात आला आणि म्हणाला, शिकव. मी चाळीस पोरांचं शाळेचं उपाहारगृह चालवलेली बाई, मला शिकवणं म्हणजे झापणंच ठाऊक. ओटचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, अंडं, चमचाभर शेंगदाण्याचं लोणी. कांदा नको, चॉकलेट नको, मनुका तर हातात पण घ्यायच्या नाहीत. आणि लोण्याची बरणी नीट बघून घे, म्हटलं, हल्ली साखरेऐवजी भलतंच काहीतरी घालतात त्यात, आणि त्याने कुत्री मरतात.

त्याची पहिली बिस्किटं अशी झाली, की मी म्हटलं, क्लॅरी, ही ठेव, गोठ्याची भिंत पडली तर उपयोगी येतील. तो हसला. हळूहळू त्याचा हात बसला. शनिवारी दुपारी त्याच्या घरातून भोपळ्याचा खरपूस वास यायला लागला आणि मला खरंच बरं वाटायला लागलं.

पण ती बरणी त्याच्या डोक्यात बसली. चष्मा लावून वाचायचा, पुन्हा वाचायचा, आणि म्हणायचा, या लोकांचा काय भरवसा. शेवटी बरणी फेकूनच दिली. नोलाचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी नोलाने स्वतःच्या हाताने डॉटला भरवावं असं त्याच्या मनात होतं. परसात त्याच्या बापाने लावलेलं मॅकाडेमियाचं, बदामासारख्या तेलकट बियांचं झाड. आमच्या टेकडीवर असं घर नाही, जिथे हे झाड नाही. पोरं याच्या बिया खिशात घेऊन शाळेत जातात, नाताळच्या केकपासून माशापर्यंत आम्ही त्या सगळ्यात घालतो. क्लॅरीने शेडमधल्या शिकंज्यात धरून त्या दगडासारख्या बिया फोडल्या, कुटल्या, आणि लोण्याच्या जागी सढळ हाताने घातल्या. गरम थाळी घेऊन तो कुंपणाशी आला.

"यात दुकानाचं काही नाही, वॅल. सगळं आपल्या मातीतलं."

मी वास घेतला आणि म्हटलं, आता शिकलास खरा. एक उचलून मीच खाल्लं. दिवसभर डॉट त्याच्या पायात घोटाळत होती आणि तो तिला एकेक देत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी त्याने मला हाक मारली ती हाक ऐकूनच मी चहा टाकून धावले. डॉट अंगणात पडली होती. पुढच्या पायांवर उठायची आणि मागून लोळागोळा व्हायची. अंग तापलेलं, थरथर कापत होती, ओकली होती.

वसंतात इकडे कुत्र्याचे मागचे पाय गेले की कुणी दुसरा विचार करत नाही. गोचीड. रानातली ती एवढीशी गोचीड चावली की आधी मागचे पाय लुळे पडतात, मग छाती, मग श्वास. क्लॅरीचा आधीचा कुत्रा रस्टी तसाच गेला होता, डॉक्टरकडे, घशात नळी घातलेला, घरघरत. क्लॅरी शेवटपर्यंत तिथे बसून होता आणि पुढे कितीतरी दिवस कुणाशी बोलला नव्हता.

आम्ही दोघांनी डॉटचं अंग बोटांनी पिंजून काढलं. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीड सापडली नाही. आत घुसली असेल, तो म्हणाला. मी म्हटलं, गाडी काढते. रविवारी उघडा असणारा जनावरांचा दवाखाना लांब आहे, पण मी नेते, तू तिला धरून बस.

"रस्टीचं बघितलंय मी," तो म्हणाला. "तिला परक्याच्या टेबलावर गुदमरू देणार नाही."

आमच्याकडे जुन्या माणसांची रीतच तशी. कुत्रा पाळलास, तर त्याचा शेवटही तूच करायचा. दुसऱ्याच्या हाती सोपवतो तो भेकड. ही रीत काढणाऱ्याचा मला आजही मनस्वी राग येतो. मी त्याला वाटेल ते बोलले. त्याच्या बायकोचं नाव घेतलं, तेही सांगितलं की आज तिचा वाढदिवस आहे. तो ऐकून घेत होता. आणि तेवढ्यात डॉट पुढच्या दोन पायांनी फरफटत त्याच्या गाडीकडे निघाली, कारण रविवार होता. तिला नोलाकडे जायचं होतं. ते बघून तो बसला असता तर बरं झालं असतं. ते बघूनच तो उठला आणि बंदूक आणायला आत गेला.

मी घरी आले, रेडिओ मोठा लावला. तरी आवाज आला.

त्याने तिला पाण्याच्या टाकीमागे पुरलं. त्या रविवारी तो नोलाकडे गेला नाही. आठवड्याच्या मध्यावर तो बिस्किटांचा डबा घेऊन माझ्याकडे आला. गसला घाल म्हणाला, वाया कशाला घालवायची. मला ती नको होती, पण त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? गस हावरट, जितकी दिली तितकी गिळली.

सकाळी गस उठेना. मागचे पाय तसेच.

मी गोचीड शोधत बसले नाही. टॉवेलात गुंडाळला आणि क्लॅरीच्या फाटकासमोरून गाडी पळवली. तो फाटकातच उभा होता. डॉक्टरीण पोरगेली होती, पण शांत. तपासून झाल्यावर तिने विचारलं, काल याने काय खाल्लं? डबा माझ्या पिशवीत होता. तिने एक बिस्किट मोडून वास घेतला.

"मॅकाडेमिया आहे यात?"

आहेच, म्हटलं, घरच्या झाडाचं.

"हे कुत्र्यांना चालत नाही, आजी. पाय जातात, कापतात, ओकतात. पण घाबरू नका, यानं मरत नाहीत. एक-दोन दिवसांत आपला आपण उठेल."

मी टेबलाची कड धरली. तिला वाटलं, मला गसची काळजी वाटतेय. तिने मला पाणी दिलं.

गस खरंच उठला. त्याला मी घरातच कोंडून ठेवला. क्लॅरीने त्याला बघू नये एवढंच मला हवं होतं. पण दार जरा उघडं राहिलं आणि तो सुटला तो थेट कुंपणाशी, भुंकायला. पलीकडे क्लॅरी उभा होता. तो गसच्या पायांकडे बघत राहिला.

"सापडली का गोचीड? काढली डॉक्टरनं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. ते हो माझ्या ओठांवर आलं होतं. मी आयुष्यभर खरं बोलण्याची मिजास मिरवली, पण त्या घडीला खोटं बोलायला एका पायावर तयार होते. तेवढ्यात तो म्हणाला, ओव्हनमध्ये दुसरी खेप टाकलीय, खालच्या वळणावरच्या घरी कुत्रीला पिल्लं झालीत, त्यांना नेऊन देतो. बोलताना त्याचा चेहरा किती दिवसांनी जरा सैल झाला होता.

मग मला सांगावं लागलं. आधी त्या खेपेचं सांगितलं, मग उरलेलं.

त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"किती दिवसांत उठतात म्हणाली?"

"एक-दोन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. टाकीकडे गेला आणि तिथे मातीत बसला. थोड्या वेळाने घरातून धूर यायला लागला. बिस्किटं जळत होती. मीच कुंपण ओलांडून आत गेले आणि ओव्हन बंद केला.

पुढच्या रविवारी मीच त्याला वृद्धाश्रमात घेऊन गेले. त्याला गाडी चालवू देण्याची माझी छाती नव्हती. वाटेत मी म्हटलं, तिला काही सांगू नकोस, तिला आठवणार नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

नोला खुर्चीत बसली होती. आम्ही आत गेलो तशी ती आमच्यामागे दाराकडे बघायला लागली. मी दार लावलं तरी तिची नजर हलेना. क्लॅरी समोरच्या खुर्चीत बसला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, हे गृहस्थ कोण?



"माझी डॉटी नाही आली?" तिने मग त्यालाच विचारलं.

"तुमच्या कुत्रीचे मागचे पाय जरा धरलेत, बाई," क्लॅरी म्हणाला. "एक-दोन दिवसांत उठेल."