हळदी रंगाची एक रेघ

रेघावाल्या काकांच्या नोकरीत नियम एकच होता: रंग बघायचा, माणूस बघायचा नाही.

काम ऐकायला सोपं. गाड्यांचा रंग बनवणाऱ्या एका कंपनीसाठी रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तिच्या रंगाच्या रकान्यात एक रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. कुठल्या भागातल्या लोकांना कुठला रंग आवडतो ते त्या रेघांवरून ठरायचं आणि त्याप्रमाणे त्या त्या भागात डबे रवाना व्हायचे. गाडीत कोण बसलंय, हसतंय की रडतंय, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. सव्वीस वर्षं हेच केल्यावर काकांनाही ते उरलं नव्हतं.

रंगांबद्दल मात्र त्यांना विचारावं आणि मग तासभर मोकळा ठेवावा. सपाटीवरच्या तापणाऱ्या गावांत पांढरा, कारण उन्हात उभ्या गाडीत बसताना पाठ भाजत नाही. समुद्राकाठी चंदेरी, कारण खारं पाणी वाळून पडलेले डाग त्यावर दिसत नाहीत आणि गाडी धुवायचा आळस खपून जातो. खाणींच्या पट्ट्यात मातकट, तिथे कुठलाही रंग घेतला तरी महिनाभरात मातकटच होतो, मग माणूस शहाणा होऊन आधीच तो घेतो. मोठ्या साहेबांच्या शहरात काळा. आणि इथे, या डोंगरातल्या गावात, लाल, नारिंगी, हळदी. वर्षातले सात महिने धुकं, वळणावळणाचा रस्ता. समोरच्याला आपण दिसलो तर घरी पोचणार. इथला माणूस स्वभावाने कितीही गुळमुळीत असो, गाडी भडकच घेतो. पांढरी गाडी इथे पाहुण्याची. काकांनी हे पहिल्याच महिन्यात ताडलं होतं आणि तसा अहवालही पाठवला होता. यादीत हळदी रंगाला वेगळा रकाना द्या, ही सूचनाही त्यांचीच. ती मान्य झाली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. खोलीत सांगायला कुणी नव्हतं, म्हणून पंपावरच्या ताईंना जाऊन सांगितलं.

पंपावरच्या ताई म्हणजे समोरच्या पेट्रोल पंपाच्या केबिनमध्ये बसणाऱ्या बाई. तोंडाने फटकळ, पण गरम पाण्याची बाटली रोज न मागता भरून द्यायच्या. 'रेघावाले काका' हे नाव त्यांनीच पाडलेलं. इथल्या आठ महिन्यांत काकांशी रोज बोलणारं माणूस म्हणजे त्या एकट्याच.

त्या गुरुवारी सकाळी काका खुर्ची टाकायच्या आधीच केबिनशी गेले.

"ताई, आज एक पांढरी गाडी येईल. छोटी. माझं लक्ष नसलं तर हाक मारा."

"तुमचं लक्ष नसेल? गाडीवर?" ताई हसल्या. "कोण येतंय?"

"मुलगी."

"तुम्हाला मुलगी आहे?"

आठ महिन्यांत ही गोष्ट निघाली नव्हती. काकांनी नुसती मान हलवली आणि रस्ता ओलांडला.

मुलगी होती, आणि पाच वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी तिने पहिल्या पगारावर गाडी घ्यायची ठरवली तेव्हा तिला हळदी हवी होती. शोरूममध्ये त्या गाडीवरून हात फिरवत उभी होती. काकांनी तिला आकडे ऐकवले. आपल्या भागात शंभरातल्या चौसष्ट गाड्या पांढऱ्या असतात, लोक काय वेडे आहेत का? विकताना हळदीला कुत्रं विचारणार नाही. शेवटी तिने पांढरी घेतली आणि महिनाभर तिच्यात बसली नाही. बायको तेव्हा काकांना म्हणाली होती, "अहो, ती रंग विचारत नव्हती. छान आहे म्हणा, एवढंच मागत होती." काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग बायको आजारी पडली. काका समुद्राकाठी मोजणीवर होते. मोजणीच्या वेळेत फोन बंद करून पिशवीत ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. लक्ष जायला नको. सहा वाजता त्यांनी फोन सुरू केला तेव्हा लेकीचे अकरा मिस्ड कॉल होते. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. लेक दारात उभी होती. "आज किती झाल्या?" एवढंच तिने विचारलं. तेव्हापासून वाढदिवसाला एक निरोप यायचा, एक जायचा. तिने लग्न केलं तेही काकांना निरोपातूनच कळलं.

आणि आता मंगळवारी हा निरोप: 'गुरुवारी सकाळी तुमच्या गावावरून खाली जाणार आहोत. जमलं तर थांबेन.' काकांनी उत्तरादाखल चार वाक्यं लिहिली, पुसली, परत लिहिली. शेवटी पाठवलं ते 'बरं.'

सुट्टी घ्यावी असं त्यांच्या मनात आलं होतं. पण सुट्टी घेऊन बसायचं कुठे? खोलीतून रस्ता दिसत नव्हता. खुर्चीवरून दोन्ही बाजूंची वळणं दिसत होती, आणि गाड्या बघण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून ते नेहमीच्या जागी बसले. फोन मात्र त्या दिवशी सुरू ठेवला आणि वरच्या खिशात घातला. डब्यात दोन माणसांचं जेवण होतं.

पहिली पांढरी साडेआठला आली. काका खुर्चीतून अर्धे उठले. गाडी मोठी होती, सात जणांची, टपावर सामान. त्यांनी बसून रेघ ओढली. दुसरी साडेनऊला, तिसरी दहाला. दर वेळी जीव वरखाली व्हायचा आणि दर वेळी रेघ ओढायला लागायची. मधल्या वेळात लाल, नारिंगी, हळदी, लाल. धुकं विरळ होत गेलं आणि अकरा वाजता ऊन पडलं. तक्त्यावर दर तासाला हवेची नोंद करायची असते. अकराच्या पुढे त्यांनी 'स्वच्छ' लिहिलं. चौथी पांढरी दुपारी दीडला आली. तिच्यात एक म्हातारं जोडपं होतं की दोन पोती होती, काकांना सांगता आलं नसतं. गाडी छोटी नव्हती एवढं खरं.

डबा तसाच राहिला. सहा वाजले, काकांनी खुर्ची मिटली आणि रिकामी बाटली द्यायला पंपावर गेले.

"नाही आली ना?" ताई म्हणाल्या. "मीही डोळ्यांत तेल घालून बसले होते. छोटी पांढरी एकसुद्धा नाही. जमलं नसेल हो. लांबचा प्रवास."

"जमलं तर, असंच म्हणाली होती."

"एक मात्र गंमत झाली. सकाळी एक पोरगी पेट्रोल भरायला आली, ती तुमचीच चौकशी करत होती. हे रोज इथे बसतात का, थंडीत पण बसतात का, जेवतात कुठे. मी म्हटलं, ओळखीचे आहेत का? तर म्हणाली, नाही, सहज."

काकांनी बाटली काउंटरवर ठेवली.

"निघताना म्हणते कशी, त्यांनी डबा उघडला का बघा जरा, विसरतात." ताई हे सांगता सांगताच थांबल्या. "पण काका, तिची गाडी पांढरी नव्हती. हळदी होती. मागे लहान मूल झोपलं होतं."

"मूल?"

"वर्षाच्या आतलं असेल. लाल टोपी घातलेलं."

काकांनी पिशवी उघडली. त्यांनी तिथेच, पेट्रोलच्या पावत्यांवर, तक्ता उलगडला. हळदीच्या रकान्यात त्या दिवशी अठ्ठावन्न रेघा होत्या. त्यातल्या एकीभोवती गोल होता. समोर थांबून राहिलेल्या गाडीला गोल करायचा, म्हणजे ती पुन्हा निघाली की दुसऱ्यांदा मोजली जात नाही. अख्ख्या दिवसात गोल एकच. शेजारी वेळ: अकरा चाळीस. त्यांच्याच नीटस अक्षरात.

गाडी त्यांना आठवत होती. लख्ख आठवत होती. रस्त्यापलीकडे, पंधरा पावलांवर उभी होती. रंग कंपनीचाच, दुरुस्तीतला नाही. मागच्या डाव्या दाराखाली चिखल. काच खाली घेतलेली. इथलीच असणार, असं मनात म्हणून त्यांनी रेघ ओढली होती. काचेच्या आत काय होतं, हे आठवायला त्यांनी डोळे मिटले. काहीच दिसेना. तिथे नुसती गाडी होती.

"फोन करा," ताई म्हणाल्या. "बघत काय बसलात!"

काका रस्ता ओलांडून आपल्या जागी आले. मिटलेली खुर्ची उघडून बसले आणि फोन लावला. तिने लगेच घेतला.

"बाबा."

"तू येऊन गेलीस."

"हो."

"हाक का नाही मारलीस?"

"हाक काय मारायची? तुम्ही बघितलंत की माझ्याकडे. सरळ माझ्याकडे बघितलंत, मान खाली घातलीत आणि कागदावर रेघ मारलीत." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी वाट बघितली. म्हटलं, आता उठतील. मग म्हटलं, त्यांना नकोच असेल. तुमचं 'बरं' पण तसंच होतं."

धुकं होतं, असं काका सांगू शकले असते. चष्मा पुसायचा राहिला होता म्हणता आलं असतं. तक्ता मांडीवर होता आणि अकराच्या पुढे 'स्वच्छ' लिहिलेलं होतं.

"मी पांढरी शोधत होतो," ते म्हणाले. "समोर आलेली गाडी बघितली. तू दिसली नाहीस."



"पंधरा पावलांवर होते मी."

"हो."

"पिलू होतं मागे."

"ताईंनी सांगितलं आत्ता. मला नाही दिसलं."

"आई हेच म्हणायची," लेक म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "'घरात पण हे माझ्याकडे बघतात आणि मी दिसत नाही.' मी तिच्याशी भांडायचे तुमच्या बाजूने, माहितीय?"

काकांना माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत लाखो गाड्या त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. त्यांच्या बाजूने घरात कुणी भांडत होतं, हे मात्र कळलं नव्हतं. 

"पांढरी कधी विकलीस?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"झाली तीन वर्षं."

"हा रंग छान आहे."

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. "फार उशिरा म्हणालात, बाबा." मागे मूल किरकिरायला लागलं होतं. "उद्या सकाळी याच रस्त्याने परत जायचंय. तिथे थांबायला जागा नाहीये नीट. बघते."

शुक्रवारी काका साडेसातलाच उभे राहिले. खुर्ची उघडली नाही. तक्ता पिशवीत, पिशवी केबिनमध्ये. धुकं असं दाट होतं की गाडी अंगावर येईपर्यंत नुसते दिवे दिसायचे. काका रस्त्याला खेटून उभे होते आणि गाडी आली की खाली वाकून आत बघत होते. एक माणूस गाडी चालवता चालवता गात होता. एका बाईच्या मांडीवर आरसा होता. दोन बहिणी भांडत होत्या, किंवा बहिणी नसतील, पण भांडण बहिणींचं होतं. एका मुलाने जीभ काढून दाखवली. आठ महिने ही सगळी माणसं याच रस्त्याने जात होती. नऊ वाजले, दहा वाजले. ताईंनी दोनदा केबिनच्या दारातून हातानेच विचारलं आणि काकांनी दोनदा मान हलवली.

साडेदहानंतर एक गाडी हळू झाली आणि त्यांच्यापाशी उभी राहिली. काच खाली आली. लेकीने केस कापले होते. डाव्या भुवईत दोन पांढरे केस होते. कशाने आले असतील, एवढ्या लवकर? डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी वर्तुळं होती, आणि हनुवटी आईची, अगदी आईची. काका बघत राहिले.

"आज कागद नाही?" तिने विचारलं.

"नाही."

मागच्या सीटवर लाल टोपीतलं मूल जागं होतं. त्याने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मग तोंड उघडून हसलं. मागून भोंगा वाजला. वळणावर दोन ट्रक अडकले होते.

"बाबा, मागे गाड्या आहेत."

"हो. नीघ तू. इथे थांबणं बरं नाही." हे आपणच म्हणालो याचा त्यांना लगेच राग आला.

"येते," ती म्हणाली. निघताना सगळेच म्हणतात तसं. धुक्यात मागचे दिवे थोडा वेळ दिसले, मग गाडीचा नुसता आवाज राहिला, मग तोही गेला.

अर्धं मिनिट झालं असेल फार तर. काका दुपारपर्यंत तिथेच उभे होते.

त्या आठवड्याचे तक्ते कंपनीत पोचले तेव्हा तपासणाऱ्या बाईने फोन केला. शुक्रवारचे रंगांचे सगळे रकाने कोरे कसे? आणि खाली 'इतर' या रकान्यात तुम्ही 'खाली दोन दात, वरचा एक येतोय' असं लिहिलंय, हा कुठला रंग?

"ती नोंद बरोबर आहे," रेघावाले काका म्हणाले. "मी स्वतः बघितलंय."