एकोणसाठावं घराणं

“हलू नका! कुणी हलू नका!”

महिपती सकपाळ एवढ्या जोरात ओरडले, की देवी टोचून घ्यायला कापडे गावातल्या त्या अंगणात जमलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. रंगूबाईच्या मांडीवर तिचा दोन वर्षांचा मुलगा होता. त्याचा डावा दंड महिपतींच्या मुठीत होता आणि टोचायची फिरकी दुसऱ्या हातात. पोराच्या अंगावर इंगळी चढली, असंच रंगूबाईला वाटलं.

“काय झालं वो डाक्तर?” तिनं विचारलं.

“उकिरड्याकडं बघ. मान नको वळवू, नुसते डोळे वळव.”

उकिरड्यावर तपकिरी रंगाचं, डोक्यावर तुरा असलेलं एक पाखरू लांब चोचीनं शेण उकरत होतं. मधूनच तुरा फुलवत होतं, मिटत होतं. सगळं अंगण बघत राहिलं, पोरगाही आ वासून बघत राहिला, आणि तेवढ्यात महिपतींनी त्याच्या दंडावर फिरकी फिरवून घेतली. पोरगा रडायचं विसरला. पाखरू उडून गेल्यावर त्याला आठवण झाली आणि मग त्यानं असा काही गळा काढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

“अठ्ठाविसावं!” महिपती खिशातून वही काढत खुशीत म्हणाले.

“अठ्ठाविसावं कुठलं? सकाळधरनं माजा पोरगा पाचवाच हाय,” रंगूबाई म्हणाली.

महिपती लोकल बोर्डाचे देवीडॉक्टर. ‘डॉक्टर’ हे आपलं लोकांनी लावलेलं; सरकारी कागदावर ते नुसते व्हॅक्सिनेटर होते. दिवाळी झाली की पत्र्याची पेटी खांद्याला लावून महाड-पोलादपूरची गावं आणि वाड्या पायी पालथ्या घालायच्या, पोरांना रडवायचं, आठ दिवसांनी पुन्हा जाऊन फोड आलाय का बघायचं, असं त्यांचं आयुष्य. ते येताना दिसले की पोरं माळ्यावर लपत. त्यांच्या आया मात्र चहाला आधण ठेवत, कारण हा माणूस सोयरिकी जुळवायचा. कुणाच्या घरी लग्नाची मुलगी आहे, कोण कुठल्या कुळीचं, कुणाचं देवक काय, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एका देवकाची दोन घरं लग्नाच्या बोलण्यापर्यंत गेली, तर महिपती चहाची बशी खाली ठेवून तिथल्या तिथे बोलणं मोडायचे.

हा पाखरांचा नाद त्यांना एकावन्न साली लागला, आणि तोही सोयरिकीच्याच वाटेनं. अलिबागहून तपासणीला दातार म्हणून मोठे डॉक्टरसाहेब आले होते. गळ्यात दुर्बीण. तुडीलला सावित्रीच्या काठी दोघं होडीची वाट बघत बसले होते. वेळ जावा म्हणून महिपतींनी साहेबांना मोरे, जाधव, शिंदे, कदम यांची देवकं ऐकवायला सुरुवात केली. साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

“सकपाळ, पाखरांचीही अशीच कुळं असतात, ठाऊक आहे? तो खंड्या एका घराण्यातला. तो बगळा दुसऱ्या. आणि आभाळात फिरणारी ती पाकोळी आणि तुमच्या तारेवर बसणारी भिंगरी, दिसायला सख्ख्या बहिणी, पण कूळ निराळं.”

“मग त्यांच्यात सोयरीक चालते?”

“छे! मुळीच नाही. त्यांची रीत उलटी, कुळाबाहेर सोयरीक नाही.”

महिपतींचा चेहरा उजळला. पाखरं त्यांना एकदम आपल्या माणसांत आल्यासारखी वाटली. “साऱ्या जगात किती घराणी असतील, साहेब?”

“पावणेदोनशे धरा.”

महिपतींनी मनाशी हिशेब केला. “शहाण्णव कुळी पाठ हायतच. वर ऐंशीएक. बघून टाकू.”

साहेब मोठ्यानं हसले. पण महिपती थट्टा करत नव्हते. महिनाभरानं त्यांनी साहेबांना पत्र टाकलं, आणि साहेबही तसेच हौशी, त्यांनी जगातल्या सगळ्या घराण्यांची यादी मराठीत उतरवून पाठवली. सोबत चित्रांचं एक जुनं पुस्तक. पुढे पेन्शनीत निघाले तेव्हा आपली दुर्बीणही त्यांनी महिपतींनाच देऊन टाकली.

पावणेदोनशेतली निम्म्याहून जास्त घराणी सातासमुद्रापलीकडे राहतात, हे यादी वाचल्यावर कळलं. एखादा माणूस तिथेच थांबला असता. महिपती म्हणाले, आधी आपले दोन तालुके उरकू, मग बघू. आणि त्यांनी नियम केला तोही कडक: पाखरू आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि त्याच्या घरी बघायचं. एकदा कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा राणीच्या बागेत शहामृग बघून आले. वहीत घातला नाही.

“का वो? एवढं ताडमाड पाखरू नाय दिसलं?” आनंदीबाईनं, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

“दिसलं. पण पिंजऱ्यात. घर न बघता सोयरीक होते काय?”

आनंदीबाईच्या बहिणीचा मुलगा दत्ताराम मालवाहू बोटीवर खलाशी होता. एका सुट्टीत तो दक्षिणेकडच्या समुद्रातल्या कुठल्याशा पाखराचं हातभर लांब पीस घेऊन आला. “काका, काय बर्ड हाय! दिवसच्या दिवस शिपच्या मागं येतो, पंखच हलवत नाय. खुदा कसम!” महिपतींनी पीस उलटसुलट करून बघितलं, यादीत त्याचं घराणं शोधून दत्तारामला दाखवलं, आणि पीस देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलं. “तू बघितलंस, रे. मी कुठं बघितलं?” दत्तारामचं तोंड एवढंसं झालं.

“पाखरांची लग्नं लावणार हायत तुजे काका,” आनंदीबाई म्हणाली. “माज्या भावाच्या पोरीला अजून नवरा नाय मिळाला त्यांना.”

असं करत करत वहीत अठ्ठावन्न घराणी झाली. साहेबांनी लिहून कळवलं, की तुमच्या मुलखात मिळण्याजोगं आता एकच उरलं: कर्णा. दाट सावलीच्या रानात राहतो, पोटाला लालभडक असतो, पण लाजरा असा की माणसाकडे पाठ करून बसतो. महिपतींनी तीन हिवाळे तो शोधला. आणि चौसष्ट सालच्या हिवाळ्यात भलतंच झालं. त्यांना विजेच्या एका तारेच्या दोन तारा दिसायला लागल्या, मग माणसांच्या कडा पुसट झाल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महाडचे डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येत नाही, पुढच्या वर्षी बघू. खात्यानं त्यांना महाडात बैठं काम दिलं. ज्या माणसानं पंचवीस वर्षं पायाखाली वाट घातली, तो खुर्चीत बसून टाचण्या लावायला लागला.

माघात एका सकाळी कापड्याच्या वरच्या वाडीतला भिकू दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीची सोयरीक महिपतींनीच जुळवली होती, आणि ते उपकार तो विसरला नव्हता.

“डाक्तर, तुमचा त्यो लाल पोटाचा हाय आमच्या व्हाळात. चार दिस बघतोय. पर लवकर चला. रान ठेक्यात गेलंय. शिमग्यानंतर कोळशाच्या भट्ट्या लागनार. मंग ना झाड ऱ्हायचं, ना पाखरू.”

महिपतींनी दुर्बीण काढली. मग खाली ठेवली. आनंदीबाईनं ती उचलून त्यांच्या गळ्यात घातली.

“मी येते संगती,” ती म्हणाली. “पेटी घेऊन एकटे जात होतात तवा मी कदी आले नाय. आता धोंड्याला अडखळलात तर भिकू काय तुमाला खांद्यावर घेईल?”

पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे भिकूच्या मागून चढण. आनंदीबाईनं नवऱ्याचा हात धरला होता. लग्नात धरला होता, त्यानंतर चारचौघांत धरायची ही पहिलीच वेळ. वाटेवर ओळखीच्या बायका भेटल्या तेव्हा ती लाजली, पण हात सोडला नाही. “धोंडा हाय. पाय उचला. आता पानी हाय,” असं तिचं चाललं होतं आणि महिपती ऐकत होते. एरवी ते स्वतःच सगळ्यांना हुकूम सोडायचे.

व्हाळाच्या, त्या रानातल्या ओढ्याच्या, कडेला भर दुपारी सुद्धा गारवा होता. भिकू थांबला. त्यानं हात वर केला.

“त्या वेलीच्या मागं. आडव्या फांदीवं.”

महिपतींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी धुकं होतं, आता तेच धुकं मोठं दिसायला लागलं. त्यांनी काचा पुसल्या, पुन्हा लावली. हिरवं काहीतरी, काळं काहीतरी. लाल कुठेच नाही.

“दिसला,” आनंदीबाई एकदम कुजबुजली. “आई गो! दिसला.”

“काय दिसतंय? सांग.”

“पाठ करून बसलाय. पाठ उसाच्या गुळावानी. शेपूट लांब हाय. मान वळवतोय. मुंडकं काळंभोर, आन् डोळ्याभवती निळं. थांबा, फिरला!” तिनं त्यांचा हात घट्ट दाबला. “पोट लाल वो. कुंकू सांडल्यावानी लाल. वर गळ्याखाली पांढरी रेघ, चांदीची सरी घातल्यासारखी. अहो, किती देखना हाय!”

आयुष्यभर तिनं पाखरांची थट्टा केली होती, आणि आता ती पापणी न हलवता बघत होती. तिला फार आनंद झाला होता आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं, कारण हे ज्याला दिसायला हवं होतं, तो तिच्या शेजारी उभा राहून झाडोऱ्याकडे मान उंचावून बघत होता.

पाखरू बराच वेळ बसलं. तरीही महिपतींना ते दिसलं नाही. शेवटी उडाल्याचा फडफडाट तेवढा ऐकू आला.

“गेला?”

“गेला.”

“चल मग,” ते म्हणाले. “बघण्यासारखं रान हाय, भिकू.” आणि भिकूच्या घरी चहा पिताना त्यांनी त्याच्या धाकट्या मुलीसाठी दोन स्थळंही सुचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत बसले होते. भाकरी खाऊन झाली होती, वही कोनाड्यात तशीच होती. आनंदीबाई तांब्या घेऊन आली आणि समोर बसली.

“कालचा नाय लिहिलात?”

“मी बघितला नाय, गो. नियम हाय.”

“मला कुनी बघितली होती?”

“आँ?”

“लगनाच्या आधी. सव गावच्या गरम कुंडावर मी धुनं धूत होते, तवा कोन आलं होतं बघायला?”

“बयाआत्या आली होती. मला तेव्हा कोण नेतंय?”

“काय सांगितलंन तिनं घरी येऊन?”

महिपतींना पस्तीस वर्षांपूर्वीचं ते शब्दन् शब्द आठवत होतं. “रंग सावळा, केस पाठभर, नाक सरळ, आवाज मोठा.”

“तुमी खरं मानलंत?”

“मानलं.”

“खोटं निघालं काय?”

“आवाज तिनं सांगितला त्याहून मोठा निघाला,” महिपती म्हणाले, आणि दोघंही हसली.

“बयाआत्यानं बघितलं, म्हंजे घरानं बघितलं,” आनंदीबाई म्हणाली. “पस्तीस वर्सांत कदी म्हनालात, की ही सोयरीक मी धरत नाय? मंग काल तुमच्या घरच्या मानसानंच बघितलं की त्याला. त्याच्या घरी जाऊन. चांगलं निरखून.”

 आयुष्यभर सोयरिकी जुळवणाऱ्या माणसाला रीत बोट ठेवून दाखवली होती, तीही त्याच्याच बायकोनं, आणि त्यांना त्यात एकही खोट सापडेना. त्यांनी हात पुढे केला.

“आण वही.”

तिनं वही आणली, पेन्सिल दिली. अठ्ठावन्न ओळींनंतरची कोरी जागा त्यांना दिसेना; सगळं पान सारखंच पांढरं. आनंदीबाईला अक्षर येत नव्हतं, पण लिहिलेलं कुठे संपतं ते तिला दिसत होतं. तिनं तिथे आपलं बोट आडवं धरलं. त्या बोटाला पेन्सिल टेकवून महिपतींनी लिहिलं: ‘५९. कर्णा. कापडे, वरची वाडी. पाहणारी आनंदीबाई.’ अक्षरं बोटाच्या पेरांबरोबर वरखाली झाली.

“वाचून दावा,” ती म्हणाली. त्यांनी पाठ म्हटल्यासारखं वाचून दाखवलं. तिनं ‘पाहणारी’ पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग ती उठली, देव्हाऱ्यामागून हातभर लांबीचं ते पांढरं पीस काढलं, त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि वहीशेजारी आणून ठेवलं.

“दत्ताराम काय परका हाय?” तिनं विचारलं, आणि बोट एक ओळ खाली सरकवून धरलं.