मागच्या पानांवरची मुलगी

मित्रांनो, जरा बेताने. माझ्या पाठीची शिवण सुटली आहे, कडांना कसर लागली आहे, म्हणून दोन्ही हातांनी धरा. मी एक जुनी जन्मनोंदवही आहे. माझ्या पोटात सहाशे चौदा माणसांचे जन्म आहेत. त्यांतलं आज बहुधा कुणीच हयात नाही, पण म्हणून मी काही रिकामी झालेली नाही.

एका बांधणीवाल्याने मला जाड दोऱ्याने शिवलं, खळ लावली, वर निळं कापड चढवलं आणि कोपऱ्यांना कातडं बसवलं. मग मला टेबलावर दाणकन आपटून तो म्हणाला, "शंभर वर्षं मरत नाही ही." त्याचा अंदाज चुकला नाही. ती शंभर वर्षं जातील कशी, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

तिथून मी आले नोंदणी कारकुनाच्या टेबलावर. हा किडकिडीत माणूस एक ओळ लिहिली की लगेच तिच्यावर टिपकागद दाबायचा. सगळी कचेरी त्याला 'टिपकागद' म्हणूनच हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. शाईचा एक डाग पडला तर त्याला जेवण जायचं नाही. त्याचं अक्षर बघायला शेजारच्या खात्यातली माणसं यायची. तेव्हा मी जरा फुगून बसायचे, खोटं कशाला सांगू?

या टिपकागदाची एक रीत होती. ती नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. मूल जन्मलं की दीड महिन्याच्या आत कळवायचं, असा नियम होता. पण लोकांना उशीर होतोच. घरात आजारपण असतं, वाट लांबची असते. अशी उशिराची नोंद मध्येच घातली की तारखांची ओळ मोडते, आणि ते त्याला खपायचं नाही. म्हणून तो मला उलटी करायचा, डोकं खाली, पाय वर, आणि उशिराच्या नोंदी मागच्या बाजूने लिहीत यायचा. पुढून वेळेवर आलेली मुलं, मागून उशिरा आलेली. मधे तीसेक कोरी पानं. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी ते कुठे लिहून ठेवलं नाही.

मग टिपकागद निवृत्त झाला. नवे कारकून आले, छापील फॉर्म आले, आणि मी त्याच्याच हाताने भरलेल्या माझ्या दहा बहिणींबरोबर रेकॉर्डच्या खोलीत ओल्या भिंतीला टेकून बसले. कैक वर्षं कुणी फिरकलं नाही. चार वर्षांपूर्वी एक बाई मशीन घेऊन आली आणि एकेका पानाचा फोटो काढत गेली. मी मनात म्हटलं, चला, दिवस पालटले! कोरं पान आलं तेव्हा ती थांबली. आणखी दोन उलटली, तीही कोरीच. "संपली ही," असं म्हणून तिने मला मिटलं. त्या दिवसापासून माझ्या पोटातली तेवीस मुलं कंप्युटरच्या हिशेबी जन्मलीच नाहीत.

मित्रांनो, याने काय मोठंसं बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं, त्या शुक्रवारपर्यंत.

शहरात नवा नियम निघाला होता. नदीवरचा पूल बांधण्याआधी ज्यांच्या घराण्यातलं कुणी इथे जन्मलं असेल, त्यांनी राहावं. बाकीच्यांनी सहा महिन्यांत घर सोडावं. पुरावा समोरच्या कचेरीत द्यायचा आणि शेवटची मुदत त्या शुक्रवारी दुपारी तीनची.

दीड वाजता दोघी जणी आल्या. एक सत्तरीची शिंपीण, गळ्यात टेप तशीच राहिलेली. दुसरी तिची भाची, छातीशी फाईल धरून धापा टाकणारी. टेबलापलीकडे आमचा रेकॉर्डवाला बसला होता. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता.

"मावशी, कंप्युटरमध्ये बघितलं. अशी नोंद नाही," तो म्हणाला.

"मावशी म्हणालास ना? मग भाच्यासारखा वाग. मूळ वही काढ."

"आत्या, हळू बोल ना," भाची कुजबुजली.

"का हळू? माझी आई याच शहरात जन्मली. नाहीतर काय आभाळातून पडली? दादा गेला, वहिनी गेली, आता त्या घरात तू आणि मी. आणि हे सांगणार, तुम्ही इथल्या नाहीत!"

भाचीने फाईल उघडली. तीन आठवडे तिने पाच कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. आदल्या दिवशी तिला आजीच्या लग्नाची नोंद सापडली होती. तिच्यात आजीच्या वडिलांचं नाव होतं, त्यांचा धंदा दोर वळण्याचा, घर विहिरीमागच्या गल्लीत, आणि नवरीचं वय सतरा. त्या वयावरून जन्माचं साल निघालं. ते साल माझं होतं.

रेकॉर्डवाल्याने मला आणलं. धूळ झटकली, शिंकला आणि पुढून एकेक पान उलटू लागला. भाचीचं बोट रकान्यावरून सरकत होतं. विणकराचा मुलगा. पाववाल्याची मुलगी. पुन्हा विणकराचा मुलगा. दोरवाल्याची मुलगी कुठेच नव्हती. दोन वाजले.

ती कुठे होती, हे मला ठाऊक होतं! मागून तिसरं पान, वरून दुसरी ओळ. माणसांच्या पोटात एक असतं आणि ओठांवर दुसरं. माझ्या पोटात सगळं होतं आणि ओठच नव्हते.

"ताई, सॉरी," रेकॉर्डवाला म्हणाला. त्याने खणातून एक छापील कागद काढला. 'सदर नोंद आढळली नाही.' या कागदाला नकार दाखला म्हणतात. तो एकदा हातात पडला की समोरच्या कचेरीत उभंसुद्धा करत नाहीत. त्याने कागद माझ्याच पुठ्ठ्यावर ठेवून भरला. पेनाचं टोक मला टोचत होतं. मग त्याने शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

"थांब," आत्या म्हणाली. "ही वही मागून बघितलीस?"

"मागे कोरी पानं आहेत, मावशी."

"मधे कोरी आहेत. मी मागून विचारतेय. अरे, माझ्या दुकानातल्या वहीत पुढून मापं असतात आणि उलटी करून मागून अडलेली कामं. बटणं राहिली, फिटिंग राहिलं, गिऱ्हाईक आलंच नाही. धंदेवाल्या माणसाला सरळ ओळीत न बसणारं कुठेतरी लिहावंच लागतं."

"ही सरकारी वही आहे हो! शिंप्याची नाही."

"लिहिणारा माणूसच होता ना? उलटी कर."

शिक्का हवेतच राहिला. त्याने भाचीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बहुधा म्हातारीची कटकट मिटावी म्हणून मला उलटी करून मागून उघडलं. मी एवढी वर्षं वाट पाहिली, आणि नेमकी तेव्हाच माझी मागची पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली! त्याने कोपरा चिमटीत धरून ओढला. टर्र. माझा जीव गोळा झाला.

"ओढू नकोस!" आत्या ओरडली. तिने टेबलावरची पातळ पट्टी उचलली, दोन पानांच्या मधे अलगद सरकवली आणि श्वास रोखून एकेक बोट पुढे नेत राहिली. भाची घड्याळ बघत होती. दोन वीस. दोन पंचवीस. मी अंग सैल सोडलं. वहीला तेवढंच जमतं.

पान सुटलं.

"दोर वळणारा... विहिरीमागची गल्ली..." भाचीने ओळीवर बोट ठेवून वाचलं. "आत्या, हेच! पणजोबांचं नाव!"

"नावाचा रकाना रिकामा आहे," रेकॉर्डवाला हळूच म्हणाला. "नुसतं 'मुलगी' लिहिलंय. मुली चार असतील त्यांच्या. ही कोणती, ते कसं ठरवायचं?"

नकार दाखला अजून तिथेच पडलेला होता.

"शेरा वाच," आत्या म्हणाली. "तिकडे कडेला काय खरडलंय?"

रेकॉर्डवाल्याने चष्मा वर केला आणि वाचलं. "'माता बाळंतपणात मयत. तिचे हे पहिले व अखेरचे अपत्य. पित्याने दुसरा विवाह केला नाही. सुईण अकरा महिन्यांनी मुलीस घेऊन स्वतः हजर.' " तो थांबला. "खाली अजून एक ओळ आहे. 'या पानावरील डाग सदर मुलीच्या हाताचा आहे. कारकुनाचा नाही.' "

ओळीखाली शाईचा एक पंजा होता, लिंबाएवढा. पाच बोटं स्पष्ट. त्या दिवशी सुईणीच्या कडेवरून ती वाकली, शाईच्या गादीवर हात टेकवला आणि ओळीखाली धप्पकन मारला. टिपकागदाच्या हातात टिपकागद होता. त्याने तो डाग टिपला नाही. नुसता बघत राहिला आणि मग आपली अब्रू राखायला ती ओळ लिहिली.

भाचीने लग्नाची नोंद शेजारी ठेवली. तेच नाव, तोच धंदा, तीच गल्ली, आणि वयावरून निघालेलं सालही तेच; त्या साली त्यांना दुसरी मुलगी असणं शक्यच नव्हतं.

रेकॉर्डवाल्याने नकार दाखला फाडला आणि नक्कल उतरून घ्यायला बसला. सही, शिक्का, तारीख. दोन एकोणपन्नास.

"पळ," आत्या भाचीला म्हणाली. "माझे गुडघे माझ्यापाशी राहू देत. तू पळ."

मग आम्ही तिघं थांबलो. आत्या, रेकॉर्डवाला आणि मी. तीन वाजले. तीन वाजून चार मिनिटांनी आत्याचा फोन वाजला.

"हं. घेतला?... नीट सांग गं, रडू नकोस. पोच दिली का?... दिली." तिने फोन मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. रेकॉर्डवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. चहा मागवतो म्हणाला.

"चहा राहू दे," आत्या म्हणाली. "असे कागद तू आणखी किती जणांना दिलेस?"

त्याने खण उघडला. दाखल्यांच्या स्थळप्रती, म्हणजे कचेरीत राहिलेल्या नकला, मोजल्या. मोजता मोजता त्याचा चेहरा उतरत गेला. "एकेचाळीस. या महिन्यात."

तो उठला आणि माझ्या दहाही बहिणींना फडताळावरून खाली घेऊन आला. एकेकीला उलटं केलं, मागून उघडलं, पट्टी सरकवत, अलगद. पहिलीत नोंदी होत्या. दुसरीत होत्या. चौथीत दोन पानं भरून होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कुठेही अशी जुनी वही असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा. आमच्या अंगाला हवा लागू द्या, एवढी विनवणी आहे. पण तेवढ्याने भागत नाही. 'यात काही नाही' असं कुणाला लिहून देण्याआधी वही पूर्ण उघडा, आणि तुमची जी रीत असेल ती पहिल्या पानावर लिहून ठेवा. टिपकागदाने एवढी एक ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं. त्याच्यावर माझी माया आहे, तरी हे सांगावं लागतं.

"मुदत संपली, मावशी," रेकॉर्डवाला म्हणाला. "तीन वाजून गेले."

"समोरच्या साहेबाशी मी भांडते. तू फोन लाव."

ज्यांची नोंद सापडली त्यांच्या स्थळप्रतींवरचा पहिला नंबर त्याने लावला. कुणी उचलला नाही. दुसरा बंद लागला. तिसऱ्यावर बराच वेळ घंटी वाजली आणि पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला. रेकॉर्डवाला अडखळत दाखल्याचा क्रमांक सांगू लागला. आत्याने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"हे बघा," ती म्हणाली, "सामान बांधलं नसेल तर बांधू नका. बांधलं असेल तर सोडा, आणि ताबडतोब इकडे या."