नफिसाताईंची एफ कॉर्ड

चंद्रशेखर सानपाड्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर गिटार शिकवायचा. बारा वर्षं झाली होती. माणूस शांत आहे, नवशिक्यांना सांभाळून घेतो, अशी त्याची ख्याती होती आणि त्यालाही ते खरंच वाटायचं.

एका रविवारी सकाळी त्याचा विद्यार्थी राजवर्धन गिटार घेऊन आला. शिरवण्यातल्या जिममध्ये तो ट्रेनर होता.

"सर, हिच्यात कायतरी लोच्या आहे. एफ कॉर्ड वाजवली की झणझण येते."

"बोट नीट दाबत नसशील," चंद्रशेखर सवयीनं बोलून गेला. मग त्याचं लक्ष राजवर्धनच्या पंजाकडे गेलं. तो पंजा तार दाबायला कमी पडेल, हे शक्य नव्हतं.

आणि गिटारही त्यानं ओळखली. ती नफिसाताईंची होती. चार महिन्यांपूर्वी त्यांनी क्लास सोडला, तेव्हा क्लासच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'कुणाला हवी असल्यास घेऊन जावी.'

त्यानं गिटार मांडीवर घेतली. आधी हलवून पाहिली, आत काही सुटं नव्हतं. पोटावर बोटानं ठोकत गेला, लाकूड कुठे फुटक्या भांड्यासारखं बोललं नाही. तारा ताणायच्या खुंट्यांचे स्क्रू घट्ट होते. मग सगळ्यात जाड तार त्यानं गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या एकेका घरात दाबून वाजवली. तिसऱ्या घरात स्वच्छ, दुसऱ्या घरात स्वच्छ. पहिल्या घरात, जिथे एफसाठी बोट आडवं दाबावं लागतं, तिथे झणझण. आणखी जोर लावला, तरी झणझण.

खिशातून जुनं एटीएम कार्ड काढून त्यानं त्याची कड गळ्यावरच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर उभी टेकवली. कार्ड मधल्या पट्टीवर डुगडुगलं. दुसऱ्या पट्टीचं टोक लाकडातून केसभर वर आलं होतं. पहिल्या घरात कुणीही, कितीही दाबलं तरी तार पुढच्या पट्टीवर घासणारच होती.

"म्हणजे माझी चूक नाय ना?" राजवर्धननं विचारलं.

"नाही. कुणाचीच नाही," चंद्रशेखर म्हणाला आणि त्याला नफिसाताई आठवल्या.

नफिसाताई न्हावाशेव्याला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होत्या. वय सत्तेचाळीस. दर मंगळवारी सुटल्यावर थेट क्लासला यायच्या. बाकी कॉर्ड त्यांना जमल्या. एफ काही जमेना. पाच महिने तो म्हणत राहिला, "बोटात जोर कमी पडतोय, ताई. प्रॅक्टिस वाढवा." त्या मान डोलवायच्या. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या गुंडाळून येऊ लागल्या. मग यायच्याच थांबल्या.

पण त्याला खरं टोचत होतं ते वेगळंच. पहिल्याच महिन्यात एकदा त्यानं ही गिटार स्वतः वाजवली होती. त्याच्या हातातही ती झणझणली होती. पुढची बॅच दारात उभी होती. शिवाय दुकानात जाऊन ही गिटार त्यांच्यासाठी त्यानंच निवडली होती, आणि ती खराब निघाली असं म्हणायला जीभ रेटली नाही. त्यानं गिटार परत देत म्हटलं होतं, "जोर द्या, येईल."

त्यानं पट्टी हलक्या हातानं ठोकून बसवली, गोंदाचा थेंब सोडून ती रात्रभर आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी एफ स्वच्छ वाजली. त्या आवाजानं त्याला जास्तच लाजल्यासारखं झालं. सगळं ऐकून राजवर्धन म्हणाला, "त्यांना हवी असेल तर देऊन टाका, सर. मी दुसरी बघतो."

आठवडाभर चंद्रशेखरनं नफिसाताईंना मेसेज लिहिले आणि पुसले. शेवटी पुढच्या रविवारी दुपारी गिटार घेऊन तो जुईनगरला त्यांच्या घरी गेला.

नफिसाताईंनी दार उघडलं, गिटारकडे पाहिलं आणि त्याला आत घेतलं. चहा आला. त्यानं पट्टीचं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या बोटांचा काय प्रॉब्लेम नव्हता?"

"नव्हता, ताई. ही गिटार तुमचीच आहे. ठेवून घ्या."

"नको, सर." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." त्यांचे यजमान झहूरभाई बाहेर आले. "सर, मला सांगितलंत ना, ते यांना सांगा. हे मला म्हणायचे, तुझे हात भाकरी थापायचे, तारा दाबायचे नाहीत."

"अगं, मस्करीत म्हटलं होतं," झहूरभाई ओशाळले.

"सांगा, सर."

चंद्रशेखरनं पुन्हा सांगितलं. "यांची बोटं अगदी ठीक होती. दोष गिटारमध्ये होता. माझ्या लक्षात आलं नाही."

"होतं असं," झहूरभाई म्हणाले. नफिसाताईंनी कप उचलले.

तो निघाला. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, तरी त्याचा पाय बाहेर पडेना. 'माझ्या लक्षात आलं नाही.' माफी मागायला येऊनही तो खोटंच बोलला होता. त्यानं पुन्हा चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

नफिसाताईंनीच दार उघडलं. "काय राहिलं का, सर?"

"हो." तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "मगाशी मी खोटं बोललो. माझ्या लक्षात आलं होतं. पहिल्याच महिन्यात मी ही वाजवली, तेव्हा माझ्याही हातात झणझणली होती. गिटार मीच निवडलेली, म्हणून गप्प बसलो."

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या बोटांच्या टोकांवरून फिरत होता.

"मी पहाटे फजरच्या नमाजनंतर गिटार घेऊन बसायची, सर," त्या हळू म्हणाल्या. "घरातलं कुणी उठायच्या आत. रक्त यायचं."

"मला माफ करा, ताई."

"बघू," त्या म्हणाल्या. "आज नाही सांगता येणार."

त्यांनी दार आपटलं नाही, सावकाश लोटलं. चंद्रशेखर गिटार खांद्याला लावून जिन्यानं उतरला. पुढच्या मंगळवारी, बॅच सुरू व्हायच्या आधी, त्यानं क्लासमधल्या प्रत्येकाची गिटार मागून घेतली आणि एकेक घर दाबून ऐकली. नफिसाताई त्या मंगळवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.