बोट मावेल एवढा ठ

"सर, तुमचं अक्षर एवढं जाडजूड का? त्याला कुणी डाएट सांगितलं नाही का?"

अख्खा हॉल हसला. शेजारी बसलेल्या चैतालीनं पैज लावली होती, विचारलंस तर मिसळ. आणि मी विचारलं! आठवीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. नववीत मला कंठ फुटलाय.

मराठी भाषा दिनाला आमच्या शाळेत आल्हाद सर आले होते. ते कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवतात. पडद्यावर त्यांचं नवं अक्षर होतं, ठसठशीत, एकही टोक नसलेलं, टम्म फुगलेल्या भाकरीसारखं.

सरही हसले. "जाड, कारण ते रस्त्यापलीकडून वाचायचंय. पण 'ठ'नं मला दोन वर्षं रडवलं बघ. जाड केला की त्याचं पोटच बुजतं."

बोलता बोलता ते मागे वळले आणि थांबलेच. स्टेजमागच्या कापडावर 'मराठी भाषा गौरव दिन' लावलं होतं, फोमशीटची हातभर उंच निळी अक्षरं. सरांनी 'ठी'वरून हात फिरवला. "हा तर माझ्या 'ठ'पेक्षा जाड. तरी पोट मोकळं! कुणी कापलं हे?"

"डेकोरेशनवाल्यानं आणलंय," मॅडम म्हणाल्या.

ती अक्षरं डेकोरेशनवाल्यासाठी माझ्या आईनं कापली होती. आमच्या इंदिरानगरच्या घरात, तापलेल्या तारेनं, पेन्सिलीची एक रेघही न मारता. चौदा एप्रिलला कॉलनीच्या स्टेजवर तिची अक्षरं लागतात, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटते. शाळेत मात्र कुणालाच माहीत नव्हतं. कार्यक्रमानंतर ती अक्षरं उतरवून न्यायला येते, तेव्हा मीच तिला बजावते: शाळा सुटल्यावर ये, मागच्या गेटनं. ती तशीच येते. का, म्हणून कधी विचारलं नाही.

सर अजून 'ठी'कडेच बघत होते. "नेमकी एवढीच जागा कशी सुचली असेल?"

मी अजून उभीच होते.

"सर, बोट मावावं म्हणून."

"कुणाचं?"

"माझ्या आईचं. ललिता नाव तिचं. पप्पांच्या रिक्षातून उतरवताना ती भोकात बोट घालून अक्षर उचलते. आणि टोकं ठेवली की रिक्षात मोडतात, म्हणून सगळं गोल."

कुणी हसलं नाही. सरांनी 'ठी'च्या पोटात हळूच बोट घातलं. बरोब्बर बसलं.

"मने, तुझी मम्मी बनवते हे?" चैताली कुजबुजली. "आधी बोलायचं ना, येडे!"

घरी सांगितलं तेव्हा आई तार पुसत होती. "दोन वर्षं? एका 'ठ'ला?" ती पप्पांकडे बघून हसली. "मला विचारायचं की. त्यात काय एवढं!" पण मग तिनं आपलं चटके खाल्लेलं बोट उजेडात धरून पाहिलं. पप्पा म्हणाले, "आता त्या बोटाला भाव आला बरं का."

"गप बसा." आई माझ्याकडे वळली. "उद्या पाचनंतर येते गं अक्षरं काढायला. मागनं."

"नाही," मी म्हणाले. "दोघंही ऐका, माझं ठरलंय. उद्या मधल्या सुट्टीत यायचं, सगळी शाळा मैदानात असताना. पप्पा, रिक्षा पुढच्या गेटला लावायची. आई, अक्षरं मी तुझ्यासोबत उतरवणार. आणि 'ठी' मीच उचलणार."